आमची वाटचाल: औषधांचा रकाना

आमचं काम दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि एक वही एवढ्यावर सुरू झालं. खुर्च्या बदलल्या, काटे तीन झाले. वही तीच आहे, फक्त आता चौदाव्या छपाईत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या माणसांचं रोजचं खाणं बसवून देणं हा आमचा व्यवसाय. पथ्याचा छापील कागद हातात ठेवून मोकळं होणं आम्हाला कधीच मान्य नव्हतं.

वही ताईंची कल्पना. ताई माझ्या पहिल्या भागीदार. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभी हयात गेलेली. नवीन माणूस आला की त्या विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगत. सीलिॲक या आतड्याच्या विकाराची मुलं गव्हामुळे बिघडतात अशी शंका डिकेंना १९३० च्या दशकातच आली होती. पण शंकेवर ते थांबले नाहीत. गहू बंद केला, पुन्हा दिला, मुलांची वजनं वर्षानुवर्षं मांडली आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. “आतून वाटतं ना, मग लिहा,” हे ताईंचं पालुपद.

म्हणून आमच्या वहीत साखरेच्या आकड्याआधी ‘अंदाज’ असा रकाना आहे. बोटाला सुई टोचण्याआधी आपल्याला काय वाटतं ते लिहायचं, मग स्ट्रिप लावायची. वजनाचंही तसंच. आधी डोळ्यांनी अंदाज, मग काटा. आमचा पहिला काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक होता आणि दर सोमवारी मी तो २०० ग्रॅमचं वजन ठेवून तपासायची. अजूनही तपासते. या धंद्यात नवे असाल तर एक सांगते: धान्य कच्चं तोललं की शिजवून, हे वहीत लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिजल्यावर ते अडीच-तीन पट होतं आणि मग अख्ख्या आठवड्याचा हिशेब पाण्यात जातो.

काका आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात आले. “साखर वाढली की मला कळतं, मशीन कशाला?” हे त्यांचं पहिलं वाक्य. ताईंनी वाद घातला नाही, वही दिली. पहिल्या महिन्यात काकांचा अंदाज साठ-सत्तरने चुकायचा. सहाव्या महिन्यात वीसच्या आत आला. रात्री झोप मोडली की सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, चढते, जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं की पीपी, म्हणजे जेवणानंतरची साखर, उतरते, हे त्यांनी स्वतःच्या पानांवरून ओळखलं. फक्त एक जागा चुकत राहिली. साखर ७० च्या खाली गेली तरी त्यांना काहीच जाणवत नसे. ते बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी रक्तदाबाची गोळी, घेत होते. त्या गोळीने धडधड आणि थरथर झाकली जाते, उरतो तो घाम, आणि घामाकडे काकांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. गोळीचं आम्हाला कळलं ते योगायोगाने, कारण तेव्हा वहीत औषधांना जागाच नव्हती. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

झालो नाही. चौथ्या वर्षी रक्तदाबाचे एक गृहस्थ आले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, यांचं दुप्पट होत होतं. आम्ही त्यांना कमी सोडियमचं मीठ सुचवलं. त्यात सोडियमच्या काही भागाच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, हे आम्हाला पाठ होतं. ते रामिप्रिल ही शरीरात पोटॅशियम साठू देणारी रक्तदाबाची गोळी घेतात आणि त्यांचं क्रिएटिनिन वर्षभर चढतंय, म्हणजे मूत्रपिंड थकतंय, हे मात्र आम्ही विचारलंच नाही. मीठ म्हणजे काही औषध नव्हे, असं धरून चाललो. तीन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम ६.३, हृदयाला धोक्याचं. ते वाचले, हे आमचं भाग्य. त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर मला जे सुनावलं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

डॉक्टरांकडून माणसं येणं थांबलं. आठ महिने आम्ही दिवसाला एखाद-दुसऱ्या माणसावर काढले. त्या पहिल्याच आठवड्यात ताई पट्टी घेऊन बसल्या आणि छापून पडलेल्या चारशे वह्यांच्या प्रत्येक पानावर उजवीकडे हाताने एक रकाना आखला. औषध, मात्रा, वेळ. शेवटची वही झाली त्या दिवशी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “आता तू बघ.” त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत.

आणि हाच रकाना पुसून एकाने आमची वही छापली.

दोन वर्षं आमच्याकडे शिकलेला मुलगा. त्याने वेगळं दुकान थाटलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वही आमची होती, शब्दन् शब्द. ‘झोपेचे तास’ऐवजी ‘झोपचे तास’ ही आमची छपाईतली चूकसुद्धा तशीच उतरली होती. फक्त औषधांचा रकाना गायब. मी जाऊन विचारलं. म्हणाला, “तो रकाना दिसला की माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतं.” वर पाटी: नव्वद दिवसांत गोळ्या बंद, शरीराचं ऐका.

तो ब्रिटनमधल्या डायरेक्ट प्रयोगाचा दाखला द्यायचा. दाखला खरा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने दिला आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला. दुसऱ्या वर्षाअखेर ते प्रमाण ३६ टक्के राहिलं, हे तो सांगत नसे. मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या आणि इन्सुलिनवर असलेल्यांना प्रयोगात घेतलंच नव्हतं, हेही नाही. आमच्या ६२ माणसांपैकी ४१ त्याच्याकडे गेली. त्यातल्या एका बाईंनी बरं वाटतंय म्हणून इन्सुलिन सोडलं आणि रक्तात आम्ल साचून अतिदक्षता विभागात पोहोचल्या. त्यानंतर लोक बोलायला लागले ते ‘आहारवाल्यां’बद्दल. त्या एका शब्दात आम्हालाही गोवलं गेलं. हे मी विसरलेले नाही.

त्या काळात काका दर दुसऱ्या मंगळवारी यायचे. काम नसलं तरी वही उघडून बसायचे, कोणी विचारलं की घामाची गोष्ट सांगायचे. त्यांनी सोळा माणसं आणली. ज्या डॉक्टरांनी मला फोनवर सुनावलं होतं त्यांना मी भरलेल्या वह्या नेऊन दाखवल्या. औषधांचा रकाना त्यांनी बोट ठेवून वाचला आणि पुढच्या महिन्यात एक रुग्ण पाठवला. पुढची नऊ वर्षं बरी गेली.

ज्येष्ठमध, हळदीच्या कॅप्सूल, काढे, जे काही ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलं जातं ते सगळं औषधांच्याच रकान्यात लिहून घ्या. रोज बरंच ज्येष्ठमध घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरच्या माणसाला पालेभाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच ठेवायला सांगा. ‘मला अमुक सोसत नाही’ असं कोणी म्हटलं तर हसू नका, दोन आठवडे ते बंद करून पुन्हा देऊन नोंद बघा. कितीदा तरी माणूस बरोबर निघतो.

परवा एक बाई आल्या. हातात त्या मुलाकडची वही, ‘झोपचे तास’ अजून तसंच. दीड वर्ष काटेकोर खाऊनही थकवा जात नाही, म्हणाल्या. मी पट्टी घेऊन उजवीकडे रेघ ओढली आणि त्यांना पर्समधली पाकिटं टेबलावर काढायला सांगितली. सात निघाली. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी त्या सकाळी एकाच घोटात घेत होत्या. त्या दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.