कंपनीचा व्यवसाय कर: रक्कम छोटी, गोंधळ मोठा

पुण्यात नवी प्रायव्हेट लिमिटेड निघाली की जीएसटी आणि टीडीएसची चर्चा पहिल्याच दिवशी होते. व्यवसाय कर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली पी.टी., आठवते ती पहिली नोटीस आल्यावर. कारण उघड आहे. रक्कम किरकोळ. घटनेच्या कलम २७६ नुसार हा कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपासून ही मर्यादा तिथेच आहे. त्याआधी ती २५० होती. पण एवढ्याशा करात चुकायच्या जागा भरपूर, आणि त्यातल्या बहुतेक चुका पैशाच्या नसून नंबर आणि महिना यांच्या असतात.

महाराष्ट्रातला कायदा १९७५ चा. त्यात कंपनीच्या हातात दोन वेगवेगळी प्रमाणपत्रं येतात आणि इथेच पहिली गल्लत होते. पीटीईसी हे कंपनीच्या स्वतःच्या करासाठी. कंपनी व्यवसाय करते म्हणून तिने वर्षाला २,५०० भरायचे. पीटीआरसी हे मालक या नात्याने. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारकडे जमा करायचा तो या नंबरावर. ओळखायची सोपी खूण अशी की पीटीआरसीचा नंबर २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने, आणि दोन्हींच्या शेवटी इंग्रजी पी असतो. चलन भरताना पहिले दोन आकडे वाचायची सवय लावा. कंपनीचे २,५०० चुकून २७ च्या नंबरावर गेले, तर पैसे सरकारकडे पोहोचलेले असूनही पीटीईसीची बाकी तशीच दिसत राहते. मग ती रक्कम इकडून तिकडे वळवून घ्यायला अर्ज, पत्रं आणि येरवड्याच्या जीएसटी भवनात फेऱ्या.

२०२० पासून महाराष्ट्रात नवी कंपनी नोंदवतानाच स्पाइस प्लस या कंपनी स्थापनेच्या ऑनलाइन फॉर्मच्या जोडफॉर्ममधून व्यवसाय कराची नोंदणी होते. सोय चांगली आहे, पण नोंदणी आपोआप झाल्यामुळे ती झाली आहे हेच संचालकांना ठाऊक नसतं. कंपनी स्थापनेच्या वेळी दिलेला ईमेल आयडी बहुतेकदा सीएच्या ऑफिसचा असतो आणि प्रमाणपत्रं तिथेच पडून राहतात. ती मागून घ्या आणि महाजीएसटीच्या, म्हणजे हा कर गोळा करणाऱ्या राज्याच्या जीएसटी विभागाच्या पोर्टलवर कंपनीचं लॉगिन स्वतःच्या ईमेल व मोबाइलवर तयार करा. सीए बदलला की पासवर्डाची शोधाशोध सुरू होते, ती यामुळे टळते.

पीटीईसीचं काम वर्षातून एकदाच. आधीपासून नोंदणी असेल किंवा ती ३१ मेपर्यंत झाली असेल, तर ३० जूनच्या आत २,५०० भरायचे. त्यानंतर नोंदणी झाली तर एका महिन्यात. रिटर्न नाही, फक्त चलन. पण कंपनीने भरलं म्हणजे संचालकांचं झालं, असं मात्र नाही. कायद्याच्या अनुसूचीत संचालक ही वेगळी नोंद आहे, त्यामुळे प्रत्येकाचा कर त्याच्या स्वतःच्या नावावर. संचालक त्याच कंपनीतून पगार घेत असेल आणि वर्षभरात त्याचे २,५०० कापले गेले असतील, तर दुसऱ्यांदा भरायची गरज नाही. एक व्यक्ती एकापेक्षा जास्त नोंदींत बसली तर सर्वांत जास्त दराची एकच नोंद लागू होते. पगार न घेणाऱ्या संचालकाचा विसर हमखास पडतो. घरातल्याच कुणाला दुसरा संचालक म्हणून घेतलेलं असतं, तेव्हा तर नक्कीच.

आता पगारपत्रक. पुरुष कर्मचाऱ्याचा महिन्याचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर काही नाही, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि १०,००० च्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. म्हणजे २०० अकरा वेळा आणि ३०० एकदा, बेरीज २,५००. स्त्रियांसाठी १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पूर्ण माफी, त्यावर तेच २०० आणि ३००. याआधी ही सीमा १०,००० होती. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा जुन्या एक्सेलमध्ये तो आकडा तसाच राहिलेला असतो, आणि २२,००० पगाराच्या मुलीचे दरमहा २०० विनाकारण कापले जातात. उलटंही होतं. इन्क्रिमेंटनंतर पगार २४,८०० वरून २५,५०० झाला की त्याच महिन्यापासून कपात सुरू व्हायला हवी. एक्सेलच्या शीटमध्ये सूत्र नसेल तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पगार म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न येतो. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि नियमित मिळणारे बाकीचे भत्ते धरायचे. बोनस आणि ग्रॅच्युइटी धरायची नाही. म्हणून दिवाळीच्या बोनसमुळे कुणी वरच्या टप्प्यात जात नाही. बिनपगारी रजेमुळे पगार खरोखरच कमी झाला असेल, तर त्या महिन्याचा टप्पा त्या कमी झालेल्या, पण बाकीच्या कपातींआधीच्या पगारावर ठरतो. ६५ वर्षांवरच्या कर्मचाऱ्याला माफी आहे, नियमांत ठरलेल्या प्रमाणात कायमचं अपंगत्व असलेल्यालाही. त्याचं प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवा. ‘मी इन्कम टॅक्सची नवी करप्रणाली घेतली आहे, माझी पी.टी. कापू नका’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. नव्या प्रणालीत पी.टी.ची वजावट मिळत नाही हे खरं, पण कर चुकत नाही. आणि कापायचा राहून गेला तर तो भरायची जबाबदारी कंपनीवरच येते. सहा महिन्यांनी नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडून बाराशे रुपये मागायला कोण जाणार?

सगळ्यात जास्त घोळ महिन्याचा. एखाद्या महिन्याच्या पगारावरचा कर पुढच्या महिन्यात भरला जातो. म्हणून रिटर्नमधल्या एप्रिलच्या कालावधीत मार्चचा पगार येतो, आणि वर्षाच्या शेवटच्या, म्हणजे मार्चच्या कालावधीत फेब्रुवारीचा, ३०० वाला. व्यवसाय कराचं वर्ष पगाराच्या हिशेबाने मार्च ते फेब्रुवारी असं चालतं. जमाखर्चाच्या वहीत एप्रिल ते मार्च आणि रिटर्नमध्ये मार्च ते फेब्रुवारी, म्हणून वर्षअखेरीस दोन बेरजा जुळत नाहीत आणि अकाउंटंट चूक शोधत बसतो. चूक नसतेच. मार्चच्या पगारातून कापलेली रक्कम ३१ मार्चला देणं म्हणून शिल्लक दिसते, एवढंच.

पीटीआरसीवर मागच्या वर्षीचं दायित्व, म्हणजे भरायचा एकूण कर, एक लाखाच्या आत असेल तर रिटर्न वर्षातून एकदा, एक लाख किंवा जास्त असेल तर दरमहा. पूर्ण कर बसणारे ४० कर्मचारी झाले की ४० गुणिले २,५०० म्हणजे नेमके एक लाख. हिंजवडीतली किंवा भोसरीतली कंपनी ३८ वरून ४३ माणसांवर गेली, तर पुढच्या एप्रिलपासून रिटर्न मासिक होतं, आणि ‘आपलं तर मार्चमध्ये असतं’ या सवयीने पाच-सहा महिने निघून जातात. विलंब शुल्क देय तारखेनंतर तीस दिवसांच्या आत २०० रुपये, त्यानंतर प्रत्येक रिटर्नला १,०००. व्याज वेगळं. सहा रिटर्नं राहिली तर जवळपास सहा हजार, म्हणजे दोन माणसांच्या वर्षभराच्या करापेक्षा जास्त. म्हणून मार्चमध्ये वार्षिक बेरीज झाली की लगेच बघा, एक लाख किंवा जास्त झाले का.

भरायचा क्रम साधा आहे. आधी पोर्टलवरून एमटीआर-६ चलन, त्यात कर, व्याज आणि विलंब शुल्क आपापल्या रकान्यात, मग फॉर्म तीन-बी, म्हणजे रिटर्न. चलनातला कालावधी आणि रिटर्नचा कालावधी एकच हवा. कर भरला आणि रिटर्न राहिलं, असं फार होतं; पैसे गेले की काम संपलं असं वाटतं, पण शुल्क रिटर्नच्या उशिरावर लागतं.

ठेकेदाराकडून आलेले सुरक्षारक्षक आणि हाउसकीपिंगची माणसं ठेकेदाराच्या पीटीआरसीत येतात, तुमच्या नाही. परराज्यात कायम बसून काम करणाऱ्यांना तिथला कायदा. कर्नाटकात वेगळी नोंदणी लागते, दिल्ली आणि हरियाणात हा करच नाही.

कामगार कल्याण निधी याच फाइलमध्ये ठेवला जातो, पण तो कर नव्हे. पाच किंवा अधिक कर्मचारी असले की जून आणि डिसेंबरच्या पगारातून २५ रुपये, त्यावर कंपनीचे ७५. हे दर मार्च २०२४ पासूनचे. तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो, महाजीएसटीच्या पोर्टलवर शोधू नका.

कंपनी बंद केली किंवा सगळे कर्मचारी गेले, तर पीटीआरसी रद्द करायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. कंपनी निबंधकाकडून नाव काढलं गेलं म्हणून पोर्टलवरचा नंबर मरत नाही. अर्जासोबत शेवटच्या पगारापर्यंतची रिटर्नं भरलेली असावीत, आणि शेवटचा महिना फेब्रुवारी असेल तर त्यातले ३०० तपासून घ्या.