मामा, डावीकडे गेली!

भाचीच्या कॉलेजच्या आवारात नऊ होलचा डिस्क गोल्फ कोर्स आहे आणि तो नवशिक्यांसाठी आहे, हे तिने मला फोनवर इतक्या वेळा सांगितलं की शेवटी संशय यायला लागला. "मामा, एकदम सोप्पा आहे, तुला पण जमेल." या 'तुला पण' मधला 'पण' मी ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि गेलो.

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त काठी नाही, चेंडू नाही आणि खड्डाही नाही. मग उरलं काय असं कुणीही विचारेल. उरतं ते चालणं, आणि हातात एक प्लास्टिकची चकती. टी वरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, ती फेकायची, जिथे पडेल तिथून परत फेकायची, असं करत करत लोखंडी खांबावरच्या बास्केटमध्ये टाकायची आणि किती फेका लागल्या ते मोजायचं, जितक्या कमी तितकं भारी. टीपासून बास्केटपर्यंतच्या एका टप्प्याला होल म्हणतात, आणि इथे प्रत्येक होल पार तीन, म्हणजे तीन फेकांत झालं तर बरोबरी. पहिलं बास्केट जेमतेम पन्नास मीटरवर, समोर दिसतंय, मधे एक झाड सोडलं तर काहीच नाही. मी म्हटलं दोनात करतो.

सात लागल्या.

त्याचं कारण असं की भाचीच्या पिशवीत पाच-सहा डिस्क होत्या आणि मी त्यातली सगळ्यात पातळ कडेची, सगळ्यात देखणी उचलली. या डिस्क आपल्या नेहमीच्या फ्रिस्बीपेक्षा लहान असतात, साधारण एक वीत रुंद, पण वजन 170-175 ग्रॅम, हातात घेतली की लगेच कळतं हे खेळणं नाहीये. प्रत्येकीवर चार आकडे छापलेले असतात. माझ्या देखणीवर होते 12, 5, उणे 1, 3. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला किती उजवीकडे झुकणार त्याचा आणि चौथा शेवटी किती डावीकडे वळणार त्याचा (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचायचं). आता मला वाटलं वेग 12 म्हणजे ही 12 च्या वेगाने जाणार. तसं नाही! तो वेग तुम्ही तिला द्यायचा असतो, आणि दिला नाही तर ती बाकीचे आकडे विसरते आणि फक्त शेवटचा लक्षात ठेवते. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की डिस्क वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि दम संपला की डावीकडे कलते, माझा तर दम हातातून सुटतानाच संपलेला, त्यामुळे ती निघाली तीच डावीकडे, झुडपात. मामा बनवणं म्हणतात ते हेच.

"मामा, डावीकडे गेली!" भाची ओरडली, जणू मला दिसलं नव्हतं. हे वाक्य त्या दिवशी मी एवढ्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी ती नुसतं "मामा" म्हणायची.

मग तिने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि एक जाड, बोथट कडेची पुटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क दिली, 2, 3, 0, 1. दिसायला अगदीच बटाटा. म्हणाली हीच धर सगळ्या होलला, आणि जोर लावू नकोस. आता पुरुषमाणसाला मोकळ्या मैदानात जोर लावू नको सांगणं म्हणजे, असो. पण खरंच, अर्ध्या जोरात फेकली तर ती सरळ गेली, फार लांब नाही पण सरळ, आणि तिसऱ्या होलला पहिल्यांदा माझी डिस्क साखळ्यांना लागली.

त्या आवाजाबद्दल बोललंच पाहिजे. बास्केटवर गोलाकार साखळ्या लोंबत असतात, डिस्क त्यांच्यावर आपटते, साखळ्या तिचा सगळा जोर पिऊन टाकतात आणि ती खाली जाळीत पडते. नुसता खांब असता तर टणकन उडून परत आली असती. सुरुवातीला खांबच होते म्हणे, कॅलिफोर्नियात 1975 साली ओक ग्रोव्ह नावाच्या पार्कात पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा. तो आखणाऱ्या एड हेड्रिक नावाच्या माणसानेच पुढे हे साखळ्यांचं बास्केट काढलं, 1977 मध्ये पेटंट मिळालं. 2002 मध्ये तो गेल्यावर त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. मेल्यावरही झाडात अडकायची सोय, मला तर हा माणूस न बघताच आवडला. तर तो आवाज. छन्न पण नाही आणि खळखळ पण नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी, आणि तो आपल्यामुळे झाला की माणूस इकडे तिकडे बघतो कुणी ऐकलं का.

कॉलेजात ऐकणारे भरपूर. हीच या कोर्सची गंमत आणि हाच ताप. चौथं बास्केट लायब्ररीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या पलीकडे, आणि पायवाटेवर पोरंच पोरं. नियम साधा आहे, चालणाऱ्याचा मान पहिला, माणूस पूर्ण पार गेल्याशिवाय फेकायचं नाही. एक मुलगा बरोब्बर मधे फोनवर बोलत थांबला, मी डिस्क धरून पोज घेऊन उभा, हात दुखला, खाली केला, परत वर केला, तो फोनवर "नाही नाही तूच सांग" म्हणतोय, शेवटी त्याचं लक्ष गेलं आणि "सॉरी काका, फेका ना" म्हणून तो तिथेच बाजूला बाकावर बसला, बघायला! काका म्हटल्यावर आणि प्रेक्षक बसल्यावर अर्धा जोर वगैरे कुठला लक्षात राहतो. पूर्ण ताकदीनिशी फेकली. ती कुठे गेली हे वेगळं सांगत नाही. मुलगा उठला, झुडपातून ती काढली आणि दोन्ही हातांनी अशी आणून दिली की मला रागसुद्धा आला नाही.

पाच ते आठ चढ, उतार, चढ, त्यात सांगण्यासारखं काही नाही, एक बुटाची लेस सुटली. नववं मात्र मी पार तीनमध्ये केलं, शेवटची फेक पाच मीटरवरून, छन्नखळ्ळ. एकूण 44, पार 27. भाचीचे 26. तिने आकडे मोठ्याने वाचले नाहीत, मला तेवढंच पुरे.

निघताना तो बटाटा तिने माझ्याकडेच ठेवला. घरी आल्यावर मी पॅसेजच्या टोकाला कपड्यांची टोपली स्टुलावर ठेवून प्रॅक्टिस सुरू केली. डिस्क मागच्या भिंतीला लागून परत यायची, आवाज पण नुसता धप्प. मग टोपलीच्या वर खुंटीला घरातल्या सगळ्या किल्ल्यांचे जुडगे टांगले. आता जरा बरं वाजतं. आणि बाहेर पडताना किल्ल्या सापडत नाहीत ही आमच्या घरातली जुनी ओरड बंद झालीये, सगळे सरळ टोपलीकडे जातात.