गवतासाठी अनुदान मागताना

झाडं लावायला पैसे मागा, तळं खोदायला मागा, गोशाळेच्या शेडसाठी मागा, समोरच्याला लगेच कळतं. चरनोई, म्हणजे गावची चराऊ जमीन, सुधारायची आहे म्हटलं की प्रश्न येतो, "मॅडम, पेड कितने लगेंगे?" इंदूरमधल्या आमच्या छोट्या संस्थेला महूच्या पुढे, विंध्याच्या कडेवरच्या एका गावाच्या चराऊ जमिनीसाठी एका कंपनीकडून तीन वर्षांचं अनुदान मिळालं. ते कसं मिळालं ते लिहून ठेवतेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

ग्लोबल एन्व्हायरन्मेंट फॅसिलिटी या आंतरराष्ट्रीय पर्यावरण निधीचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम (1992 पासून चालू आहे) आमच्या कामात चपखल बसत होता. पण त्यांचे अर्ज ठरावीक वेळीच निघतात आणि तोवर गाव थांबणार नव्हतं. उरलं सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अनुसूची 7 मधल्या चौथ्या मुद्द्यात पर्यावरणाचा समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण, मातीचा कस हे सगळं येतं, म्हणजे गवतालाही तिथे जागा आहे. संस्थेची आयकर खात्याकडे 12ए आणि 80जी नोंदणी हवी, सीएसआरचं काम घेण्यासाठीचा सीएसआर-1 हा नोंदणी फॉर्म भरलेला हवा. तो 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा आहे. हे सगळं आमच्या सीएनी मार्गी लावलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरं घोडं अडलं जमिनीपाशी. चरनोई गावाची म्हणतात, पण कागदावर ती सरकारची असते. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेच्या (1959) कलम 237 खाली ती निस्तारासाठी, म्हणजे गावकऱ्यांच्या चराई-सरपणासारख्या गरजांसाठी, राखलेली असते. त्यामुळे संस्थेच्या नावावर लीज वगैरे विषयच नाही. कंपनीच्या वकिलांना मात्र 'जमिनीचा ताबा कोणाकडे' या रकान्यात काहीतरी ठोस हवं होतं. खसरा (जमिनीचा उतारा), नकाशा आणि निस्तार पत्रकाच्या नकला काढल्या, ग्रामसभेचा ठराव जोडला, आणि पंचायत, संस्था व कंपनी असा तिघांचा करार केला. करारात आम्ही फक्त काम करणार, जमिनीवर आमचा काडीचाही हक्क नाही, असं स्वच्छ लिहिलं. हे वाक्य वाचल्यावर गावातली कुजबुजही थांबली. शहरातून संस्था येते म्हणजे जमीन लाटायलाच येते, हा त्यांचा समज उगाच नव्हता.

नकाशा घेऊन जमिनीवर फिरलो तर एका बाजूला सोयाबीन उभं. माळव्यात हे नवीन नाही. बहुतेक गावांत चरनोईचा एखादा कोपरा कुणीतरी नांगरलेलाच असतो. आमच्यातल्या एकदोघांचं म्हणणं होतं की प्रकल्पाच्या निमित्ताने अतिक्रमण हटवून घ्यावं. मी विरोध केला. ते नांगरणारे दोन घरांचे लोक भूमिहीनच होते, आणि त्यांच्याशी भांडण काढलं असतं तर ठरावावर निम्म्या सह्या आल्या नसत्या. मोकळी आहे तेवढीच जमीन मोजून अर्जात टाकली.

कंपनीचे अधिकारी पाहणीला आले ते ऐन मे महिन्यात. मैलभर पिवळं, कापून उरलेले खुंट, मधून गाजरगवत आणि घाणेरीची झुडपं. "यहां तो कुछ है ही नहीं," ते म्हणाले. आमच्याबरोबर कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले काका होते. ते खाली बसले, खुरप्याने एक ठोंब उकरला आणि मुळं त्यांच्या हातात दिली. पवन्या गवताची मुळं होती, वरून वाळलेली, आत दाट आणि जिवंत. अधिकाऱ्यांनी फोटो काढला. तो फोटो पुढे त्यांच्या बोर्डाच्या सादरीकरणात गेला, असं नंतर कळलं.

सुरुवातीची स्थिती दाखवायला काकांनी साधी पद्धत सुचवली. एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी चौकट ठरलेल्या खुंट्यांपाशी टाकायची, आतलं गवत मुळापासून दोन बोटं वर कापायचं, जातीप्रमाणे वेगळं करायचं, कागदी पिशवीत वाळवायचं आणि वजन करायचं. दरवर्षी त्याच खुंट्यांपाशी, त्याच पंधरवड्यात. मारवेल, पवन्या, धामण या गोड गवतांचा वाटा वाढतोय आणि कुसळीचा घटतोय हे या आकड्यांत दिसतं. गुरं गोड गवत आधी संपवतात, म्हणून फार चरलेल्या माळावर कुसळीच उरते. एवढं सांगितलं की 'पेड कितने' हा प्रश्न मागे पडतो. पूर्ण जात नाही. बांधावर थोडी बोरं आणि खैर लावायचं आम्ही कबूल केलं, माळावर मात्र एकही खड्डा खणू दिला नाही.

एका सल्लागाराने सुचवलं, प्रस्तावात खरमोर टाका, दुर्मिळ पक्षी असला की पैसा येतो. खरमोर, म्हणजे आपला तणमोर, पावसाळ्यात रतलामजवळच्या सैलाना आणि धार जिल्ह्यातल्या सरदारपूरच्या माळांवर येतो. दोन्हीकडे त्याच्यासाठी 1983 पासून अभयारण्यं आहेत. आमच्या गावात तो पाहिल्याचं जुनं माणूसही सांगत नाही. टाकला नाही.

आता जे सगळ्यांना सांगावंसं वाटतं ते. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं आणि गवताचं जूनला सुरू होतं. बहुतेक कंपन्या फेब्रुवारीत घाईने पैसे देतात आणि 31 मार्चच्या आत खर्चाचा दाखला मागतात. त्या दोन महिन्यांत माळावर करण्यासारखं काय असतं? फार तर चर खणा. म्हणून अर्ज 'ऑनगोइंग प्रोजेक्ट', म्हणजे अनेक वर्षं चालणारा प्रकल्प, म्हणूनच करा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं त्यात धरता येतात, आणि न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. आमच्याकडे हे मान्य होऊन करार झाला आणि तरी पहिला हप्ता आषाढ उलटल्यावर आला. बी पेरायची वेळ टळली होती. त्या वर्षी फक्त एक तुकडा चराईला बंद केला आणि गाजरगवत फुलायच्या आधी उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात घातलं. आमचं शहर कंपोस्टच्या 'इंदूर पद्धती'मुळे जगात ओळखलं जातं, तेव्हा तेवढं तर यायलाच हवं.

अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त वाद झाला तो चौकीदाराच्या पगारावर. तारकुंपण चालेल, त्याचा फोटो येतो. माणसाचा पगार 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापायचा, आणि त्यालाही 5 टक्क्यांची मर्यादा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, प्रकल्प राबवण्याच्या खर्चाला नाही, हे नियम दाखवून पटवावं लागलं. हिवरे बाजारची चराईबंदी सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ती पाळायला रोज माळावर कुणीतरी असावं लागतं. उंटावरून शेळ्या हाकून माळ राखला जात नाही.

दुसऱ्या वर्षी बी झाशीच्या चरागाह संस्थेतून थोडं आणलं, बाकी गावातल्या बायकांनीच शेजारच्या बिडातून, म्हणजे राखलेल्या गवताच्या माळातून, गोळा केलं. गवताचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं, म्हणून माती-शेणाच्या गोळ्या वळून पेरलं. ऑडिटरनी विचारलं, बियाण्याचं बिल कुठाय? शेवटी बचत गटाच्या लेटरहेडवर किलोच्या हिशेबाने पावत्या केल्या आणि पैसे गटाच्या खात्यात टाकले. हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे खर्चाचा दाखला, तिथेच अडकतं.

राहिला प्रश्न रेबाऱ्यांचा. दिवाळीनंतर राजस्थानकडून मेंढ्या घेऊन ते इथून जातात, पिढ्यान् पिढ्या. कंपनीच्या लाभार्थी-यादीत गावाचा पत्ता लागतो, तो त्यांच्याकडे नाही. आम्ही त्यांना 'हंगामी वापरकर्ते' असा वेगळा रकाना करून घातलं, कंपनीने तो ठेवला. गावाला मात्र आता गवत दिसायला लागल्यावर त्यांच्याकडून मेंढीमागे पैसे घ्यायचेत. ग्रामसभा त्यावर दोनदा बसली. रेबाऱ्यांचा म्होरक्या म्हणतो, आमच्या मेंढ्या तुमच्या शेतात बसतात त्या खताचे पैसे आधी धरा. त्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं, सरपंचांना नाही. पुढच्या हप्त्याच्या अहवालात हे जसं आहे तसं लिहून पाठवणार आहे.