आज गप्प बसले नाही

मिरकरवाडा बंदरावरून बांगडे घेऊन घरी आले, तरी हात अजून थरथरतायत. दुपारी डबा उघडून नेहमीसारखे प्रार्थनेसाठी डोळे मिटले. 'हे इथं नको गं, उगाच चर्चा होते,' सोबत जेवायला बसलेल्या ताई म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. इतकी वर्षं मी अशा वेळी हसून विषय बदलत आले. आज म्हटलं, 'ताई, मी येशूची आहे. बाबा गेले तेव्हा त्यानंच मला सावरलं. हे लपवू कसं?'

कुणी काही बोललं नाही. मला मात्र करजगावचे कवी नारायण वामन टिळक आठवत होते. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, घरच्यांचा विरोध सोसला, आणि ख्रिस्ताला आपल्या मराठीत, अभंगांत गायलं.

थोड्या वेळानं ताईंनी सोलकढीची वाटी माझ्यापुढे सरकवली.