बाल्कनीतला कार्बन डायऑक्साइड : ३८५ पासून ४२७ पर्यंत

मंडळी, जुलैचा हिशोब. पुण्यात पाऊस लागल्यापासून बाल्कनीतला एससीडी३० (कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर) दुपारी ३८५ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ३८५) दाखवत होता. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेची वार्षिक सरासरी एवढी होती ती २००८ साली. आता तिथे ४२० च्या वर असते. म्हणजे चूक माझ्याच मांडणीत.

पहिली सापडली दाबाची. हा सेन्सर ४.२६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश किती शोषला जातो ते बघतो, म्हणजे खरं तर डबीतले रेणू मोजतो. पुणे ५६० मीटर उंचीवर, पावसाळ्यात इथला दाब ९४१ मिलिबारच्या आसपास, आणि सेन्सर १०१३ धरून बसलेला. खरा दाब भरला तसा आकडा ४१४ वर आला.

दुसरी वाफेची. जगभरचे आकडे कोरड्या हवेचे असतात. आपल्या जुलैच्या हवेत साधारण ३ टक्के वाफच असते, ती बाकीच्या वायूंची जागा खाते. तेवढं जमेस धरलं आणि ४२७ मिळाले.

आनंद झाला, पण उत्तर मला आधीच ठाऊक होतं हे विसरून चालणार नाही. डेटाशीटवरची अचूकता ±(३० पीपीएम + ३ टक्के), म्हणजे इथे ±४३. ३९० आले असते तरी सेन्सर दिल्या शब्दाला जागलाच असता. डिस्प्लेवरचे दोन दशांश मी काढून टाकलेत. मौना लोआची वाढ वर्षाला २-३ पीपीएमची. ती पकडायला तिथे प्रमाणित वायूच्या सिलिंडरवर उपकरण पुन्हापुन्हा तपासतात.

बेडरूममधल्या स्वस्त सेन्सरचं ऑटो कॅलिब्रेशन (सर्वांत कमी आकडा ताज्या हवेचा धरून स्वतःलाच जुळवून घेणं) चालू राहिलं होतं. पावसामुळे खिडक्या बंद, आठवडाभर आकडा ५६० च्या खाली उतरलाच नाही. त्याने तीच ताजी हवा मानून ४०० करून टाकली. बाल्कनीत आणला तर २७०! पावसाळ्यात ऑटो कॅलिब्रेशन बंदच ठेवा, सेन्सर मोकळ्या हवेत नेऊन हाताने करा.

भरवसा आहे तो फरकावर. पहाटे सहा आणि दुपारी तीन यांत ३५-४० पीपीएमची उतरण दोन्ही सेन्सर रोज दाखवतात. रात्री झाडं-माती वायू सोडतात, तो जमिनीलगत साचतो. दुपारी हवा ढवळली जाते. एससीडी३० ची पुनरावृत्ती (तीच हवा पुन्हा मोजली तर आकडा किती हलतो ते) ±१० पीपीएम आहे, त्यामुळे हा फरक मी खरा मानतो.

आता वाफ शोषून घेणाऱ्या सिलिका जेलमधून हवा नेऊन बघायची आहे. नळी आणि फिश टँकचा पंप आणून ठेवलाय. जेल निळं (कोरडं) असतानाचे आणि ओलं होऊन गुलाबी झाल्यावरचे आकडे वेगवेगळे टाकीन.