पंचवटीने मनमाड ते मुंबई: कसारा घाटाने घडवलेली गाडी

पंचवटी एक्स्प्रेस १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झाली. सकाळी मुंबईत कामाला पोचवायचे आणि रात्री घरी आणायचे, हा तिचा उद्देश आजही तोच आहे. मनमाडहून सहाच्या सुमारास सुटते, नाशिकरोडला सातच्या आसपास येते आणि दहा-साडेदहानंतर सीएसएमटीला लागते. संध्याकाळी सव्वासहाला तिथून परत निघते. वेळापत्रक बदलत राहते, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री एनटीईएसवर (रेल्वेच्या गाड्यांच्या चौकशी सेवेवर) वेळ तपासावी. गाडीचा क्रमांक मुंबईकडे जाताना १२११०, येताना १२१०९.

गाडी मनमाडहून का सुटते, हा प्रश्न नाशिककर नेहमी विचारतात. मनमाड हे जंक्शन आहे. दौंडकडून येणारा मार्ग १८७८ मध्ये इथे जोडला गेला, आणि पुढे १९०० मध्ये सिकंदराबादकडची मीटरगेज आली. मराठवाडा, नगर आणि खानदेश या तिन्ही बाजूंचा माणूस इथे उतरून गाडी बदलतो. शक्य असेल तर मनमाडपासूनच बसावे, कारण पहाटे तिथे गाडी मोकळी असते. लासलगाव आणि निफाडला ती भरू लागते आणि नाशिकरोडला विनाआरक्षित डब्यात उभे राहायलाही जागा मिळत नाही.

नाशिक शहरातून येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर आहे. एकेकाळी या अंतरासाठी ट्राम होती. आता सिटीलिंकची बस किंवा रिक्षा. द्वारका चौकात सकाळीही अडकायला होते, त्यामुळे सीबीएसहून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) सव्वासहाच्या आत निघावे.

तिकिटाच्या बाबतीत लोक हमखास फसतात. पंचवटी सुपरफास्ट आहे. साधे दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढून चढले तर सुपरफास्टचा अधिभार लागतो, विनाआरक्षित तिकिटाला १५ रुपये. खिडकीवर ‘सुपरफास्टचे द्या’ असे स्पष्ट सांगावे. दुसरा नियम अंतराचा. नाशिकरोड ते सीएसएमटी सुमारे १८७ किलोमीटर, म्हणजे २०० च्या आत. असे विनाआरक्षित तिकीट आदल्या दिवशी काढता येत नाही आणि काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. मनमाडहून अंतर २०० च्या वर जाते, तिथून तीन दिवस आधी तिकीट मिळते. मोबाइल अॅपवरचे पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात उभे राहून निघत नाही, घरूनच काढावे. आवारात असाल तर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. आणि ५०० किलोमीटरच्या आतल्या तिकिटावर मध्ये उतरून दुसऱ्या गाडीने पुढे जाण्याची सवलत नाही. इगतपुरीला उतरून घाट बघायचा असेल तर तिकिटे दोन काढा.

डब्यांकडे लक्ष द्यावे. आरक्षित चेअर कार आणि दुसऱ्या वर्गाच्या बैठकीबरोबर पासधारकांसाठी राखीव डबे आहेत. यातला ‘आदर्श डबा’ नाशिककरांच्या अभिमानाचा विषय आहे: २००७ पासून पासधारकांनी स्वतःच नियम घालून चालवलेला, जिथे पत्ते नाहीत, मोठा आवाज नाही, कचरा नाही. पास नसताना त्यात बसू नये. पूर्वी या गाडीला दुमजली डबेही होते. जुन्या प्रवाशांना वरच्या मजल्यावरून दिसणारा घाट अजून आठवतो.

आता मुख्य गोष्ट. या गाडीचा वेग, थांबे आणि डब्यांची संख्या ठरवणारा खरा घटक आहे इगतपुरी ते कसारा हा सुमारे १५ किलोमीटरचा तुकडा. रेल्वे त्याला थळ घाट म्हणते. चढ आहे ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. देशातल्या ब्रॉडगेजवर इतका तीव्र चढ विरळाच. वरच्या आणि खालच्या टोकांच्या उंचीत जवळपास ३०० मीटरचा फरक पडतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. पण इगतपुरीच्या पलीकडे नाशिकपर्यंत गाडी १८६१ मध्येच धावू लागली होती, आणि खालून रूळ कसाऱ्यापर्यंत त्याच वर्षी आले होते. मधली चार वर्षे प्रवासी कसाऱ्याला उतरून रस्त्याने घाट चढत आणि इगतपुरीला पुन्हा गाडी धरत. आज कसाऱ्याच्या लोकलमधून उतरून नाशिकची शेअर टॅक्सी पकडणारा माणूस तेच करतो आहे.

सकाळी मुंबईकडे जाताना गाडी घाट उतरते. उतारावर प्रश्न ओढण्याचा नसतो, थांबवण्याचा असतो. म्हणून इगतपुरीला थांबून ब्रेक तपासला जातो: ब्रेक पाइपमधला हवेचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो का, हवा सोडल्यावर ब्रेक लागतो का. याला वेळ लागतो, ‘गाडी उगाच उभी आहे’ असे म्हणू नये. घाटात कॅच सायडिंग आहेत. गाडी ताब्याबाहेर गेलीच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला, चढावर वळवून रोखायचे, यासाठी. खिडकीतून टीजीआर असे लिहिलेल्या पाट्या दिसतील. ही थळ घाटातली ठिकाणे आहेत. सुरुवातीच्या रचनेत इथे गाडी थांबून उलट दिशेने निघत असे, त्या काळाची ही आठवण. एहेगावचा उंच पूल याच टप्प्यात येतो, तेव्हा डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांवर नजर ठेवावी.

चढणीचा खेळ वेगळा, आणि तो पाहायचा तर परतीची पंचवटी निरुपयोगी आहे. ती घाटात रात्री येते. दिवसाउजेडी चढ बघायचा असेल तर मुंबईहून सकाळी सव्वासहाला सुटणारी तपोवन घ्यावी. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिन लागते आणि इगतपुरीला सुटते. बँकर मागूनच का? पुढच्या इंजिनाने एकट्याने सगळा भार ओढला तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर ताण येतो आणि ते तुटू शकते. शिवाय मागून ढकलणारे इंजिन तुटलेले डबे मागे घरंगळू देत नाही. जी गाडी पुश-पुल पद्धतीने दोन्ही टोकांना इंजिन घेऊन धावते तिला बँकर लागत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेली नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी त्याच वर्षी या पद्धतीने धावू लागली. वंदे भारतची ताकद वेगवेगळ्या डब्यांत वाटलेली असते, त्यामुळे तीही बँकरशिवाय चढते; सीएसएमटी ते शिर्डी ही सेवा १० फेब्रुवारी २०२३ पासून आहे.

इगतपुरी मोठे झाले ते इंजिनांमुळे. मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी वीज १९३० मध्ये इथपर्यंत आली आणि पुढे वाफेचे इंजिन लागत असे. भुसावळकडची बाजू १९६० च्या दशकाच्या शेवटी २५ किलोव्होल्ट एसीची झाली, तरी दोन्हीकडची वीज वेगळी असल्याने इथे इंजिन बदलणे सुटले नाही. मुंबईपर्यंतचे डीसी जून २०१५ मध्ये संपले. आज एकच इंजिन सगळा मार्ग करते, आणि थ्री-फेज इंजिन उतारावर ब्रेक लावताना तारेत वीज परतही देते.

पावसाळ्याचे एक वेगळे सांगणे आहे. जुलै ते सप्टेंबर घाट हिरवा असतो, धबधबे दिसतात, म्हणून गर्दी वाढते. पण दरड कोसळली किंवा रुळांवर माती आली तर गाडी इगतपुरीला किंवा कसाऱ्याला तासन्‌तास अडकते. महत्त्वाची बैठक, परीक्षा किंवा विमान असेल तर त्या दिवसांत पंचवटीवर विसंबू नये, आदल्या दिवशी पोचावे. दरवाजात उभे राहून व्हिडिओ काढणे तर कोणीच करू नये. बोगद्याची भिंत फार जवळून जाते.

लहान स्टेशनांसाठी पंचवटी उपयोगाची नाही. समिट, उगाव, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा, लहवित, अस्वली, पाडळी ही गावे जुन्या मुंबई-भुसावळ पॅसेंजरवर जगत. ती २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. तिच्या जागी आता इगतपुरी-भुसावळ मेमू (विजेवर धावणारी लोकलसारखी गाडी) आहे, जी इगतपुरीपलीकडे घाट उतरत नाही. शेतमाल घेऊन थेट कल्याणला जाणाऱ्याची सोय त्यामुळे गेली, आणि हे नुकसान छोटे नाही. मेमूने प्रवास केला तर नाशिक जिल्ह्याचा खरा रुळालगतचा भाग दिसतो: लासलगावचा कांदा, निफाडची द्राक्षे, देवळालीजवळचा लष्करी परिसर. खाण्याची शिदोरी सोबत घ्यावी.

परतीच्या पंचवटीत मुंबईला जागा धरायची तर सव्वासहाच्या गाडीसाठी पावणेसहाला फलाटावर पोचावे. दादरला चढणाऱ्याला विनाआरक्षित डब्यात बसायला मिळत नाही. नाशिकरोडला पोचायला साडेनऊ-दहा वाजतात. शहरात जाणारी बस मिळेल या भरवशावर राहू नये. रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे, आणि दोन-तीन जण एकाच दिशेचे असतील तर फलाटावरच जोडी जुळवावी, कारण बाहेर पडेपर्यंत रिक्षा निघून जातात.