कमाटीबागेतले पाच तास

बडोद्यात मराठी माणूस फारसा बुजत नाही. दांडिया बाजारातल्या गल्लीत पाट्या गुजरातीत, पण खिडकीतून "अगं, दूध उतू जातंय" असं स्वच्छ ऐकू येतं. उतरलो होतो मावशीकडे. सकाळी शेवउसळ चापून झाली, तेव्हा काकांनी विचारलं, "राजवाडा बघायचाय ना?" म्हटलं, नाही, आधी कमाटीबाग. काका निवृत्त वकील. ते हसले. "म्हणजे बाबासाहेब."

सयाजीबाग हे तिचं सरकारी नाव. बाग स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि दारावर सयाजीराव महाराजांचा काळा घोडा. आत पोरांची झुकझुक गाडी, फुलांचं घड्याळ, संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा. विश्वामित्री नदी बागेतूनच वाहते. सुट्टीचा दिवस असल्याने भेळ, फुगे, सेल्फी, सगळं जोरात होतं. या गर्दीतच वडाखाली ती जागा, संकल्पभूमी. बाबासाहेबांनी अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प इथे केला, असं लोक मानतात. दर २३ सप्टेंबरला इथे हजारो लोक येतात.

घडलं ते असं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनला ग्रेज इन या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत कायद्यासाठी नाव घातलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्ध्यावरून परतावं लागलं. सप्टेंबरात ते करार पाळायला बडोद्यात हजर झाले. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थमंत्री करायचं होतं. राहायला खोली मात्र अस्पृश्य म्हणून कुणी देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून जागा मिळवली, रोज दीड रुपया भाड्याने. बाकी प्रवासी कुणी नाही, वीज नाही, वटवाघळं आणि एक कंदील. अकराव्या दिवशी ते कचेरीला निघालेच होते, तेवढ्यात डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, नाहीतर बघून घेऊ.

एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारून झालं. दोघांनीही आपापल्या परीने टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास कुठे काढायचे? म्हणून ही बाग. इथे बसून आईवडिलांची आठवण येत राहिली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्या लिखाणात संकल्पबिंकल्प काही नाही. सुन्न मन आणि दुःख एवढंच आहे. मला वाटतं, जागेचं नाव लोकांनी पुढचं सगळं पाहून ठेवलं असणार, आणि त्यात काही गैर नाही. पण सव्वीस वर्षांचा, परदेशी शिकून आलेला माणूस इथे फक्त गाडीची वाट बघत होता, हे मला जास्त झोंबतं.

वडाच्या पारावर बसून माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. नोकरी म्हटली की वरिष्ठ आले, शिपाई आले, बिऱ्हाड शोधणं आलं. वकिलीत निदान साहेब नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२३ पासून मुंबईत वकिली. तिथेही सगळं सुरळीत नव्हतंच. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर काम पाठवायला नाखूष, म्हणून जोडीला व्यापारी कायदा शिकवण्याची नोकरी. १९२६ मध्ये पुण्याच्या जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजू बदनामीच्या खटल्यात मांडली आणि त्यांना सोडवलं. दुसऱ्याच वर्षी एकीकडे मुंबई विधिमंडळावर नेमणूक, दुसरीकडे महाडचं चवदार तळं. तळ्याचा दावा सवर्णांनीच यांच्याविरुद्ध लावला होता. तो दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात यांच्या बाजूने लागला. त्याच साली ते स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून निवडूनही आले. राजकारणात गेले म्हणून कोर्ट सुटलं, असं काही झालं नाही.

संध्याकाळी काकांनी न्यायमंदिर दाखवायला नेलं. १८९६ ची देखणी इमारत, समोर सुरसागर तलाव. कोर्टं आता दुसरीकडे हलली आहेत, पण काकांचा पाय अजून सवयीने पायरीकडे वळतो.

"काका, इथेच टिकले असते तर?" मी विचारलं.

"अर्थमंत्री झाले असते की संस्थानचे. पगार, बंगला, गाडी."

"मग?"

"मग काय, १ मे १९४९ ला संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं. मंत्रीपण गेलंच असतं." काकांनी चष्मा पुसला. "आणि तेव्हा हा माणूस दिल्लीत कायदामंत्री होता, घटनेचा मसुदा कलम-कलम लढवत. चल, मावशी वाट बघत असेल, पेंढे घेऊ रावपुऱ्यातून."